रंगरुटाचं रेशन

इस्लामपुरात सुभेदारांचा विषय निघाला की माणसं आधी हसून घेतात आणि मग बोलायला लागतात. प्रत्येकाकडं त्यांचा एकेक किस्सा आहे. किराणा दुकानदार सांगतो, बेसनाच्या एका पुड्यावरून त्यांनी मला भर गिऱ्हाइकांत उभं-आडवं केलं. सलूनवाला सांगतो, दाढीच्या क्रीमची ट्यूब उलटी करून वाचल्याशिवाय ते गालाला हात लावू देत नसत. मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलेली, तेव्हा माझ्याकडून तर लोकांची मोठीच अपेक्षा असते. शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी म्हणतंच, "मॅडम, ते मांजराचं सांगा की." मी सांगत नाही. इथं एकदाच लिहून टाकते, आणि कुणी हसावं म्हणून लिहीत नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

सुभेदार मूळचे वडूजकडच्या एका कोरडवाहू गावचे. फौजेत ते रेशन पुरवणाऱ्या खात्यात होते. डाळीचं पोतं, दूध पावडरीचे डबे, तुपाचे पिंप, जे येईल ते उघडायचं, वास घ्यायचा, वरचा कागद वाचायचा आणि मनास आलं नाही तर आल्या गाडीनं परत पाठवायचं, एवढं एकच काम त्यांनी उभ्या नोकरीत केलं. पेन्शनीत आल्यावर त्यांनी इस्लामपुरात घर बांधलं. "पाणी हाय त्या गावात मरायचं," हे त्यामागचं त्यांचं कारण. ऊसवाले शेजारी त्यांना मागं 'दुष्काळी' म्हणत आणि तोंडावर 'सुभेदार' म्हणत. घरात परत पाठवण्यासारखं फारसं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी गावाकडं मोर्चा वळवला.

"पुढचं बघू नगा, मागचं वाचा." हे त्यांचं पालुपद होतं. बिस्किटाचा पुडा असो, खताची पिशवी असो की डोकेदुखीची गोळी, वस्तू हातात आली की आधी उलटी. निवडणुकीत कुणा उमेदवाराचं पत्रक दारात आलं, तेही त्यांनी उलटं केलं. मागं कोरं होतं. "कोराच हाय," म्हणाले आणि वाटणाऱ्या पोरांच्या हातात परत दिलं. भाच्यासाठी स्थळ आलं तेव्हा मुलीचा फोटोसुद्धा त्यांनी उलटा करून बघितला. मागं स्टुडिओचा शिक्का होता, तो वाचला आणि म्हणाले, "फोटू जुना हाय, ह्यो स्टुडिओ बंद पडून लय दिस झालं." ते खरंही निघालं. आणि अशी एखादी गोष्ट खरी निघाली की मग वर्षभर ते कुणाचं ऐकत नसत.

मी खोली बघायला गेले तेव्हा साताऱ्याहून, माझ्या घरून येताना, कंदी पेढ्यांचा बॉक्स नेला होता. सुभेदारांनी तो घेतला, उलटा केला, चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ नेला.

"ह्याच्यावर तारीख न्हाई."

"काका, आज सकाळीच घेतलेत."

"आसं तुमी म्हंताय. डबा कुटं म्हंतोय?"

बॉक्स माझ्या हातात परत आला. खोली मात्र मिळाली. "मास्तरीण हाय, म्हंजी वाचाय तरी येतंय," असा माझ्याविषयीचा त्यांचा निकाल पडला. स्वयंपाकघराच्या दारात काकी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता, आणि खांदे हलत होते त्यावरून कळलं की हसताहेत.

काकी म्हणजे सुभेदारांची बायको. सुभेदारांसमोर त्यांच्या तोंडातून हूं की चूं निघायचं नाही. ते फिरायला गेले की त्या माझ्या जिन्याच्या पायरीवर येऊन बसत आणि असं काही बोलत की मला हसू आवरत नसे. एकदा म्हणाल्या, "बाई, मला बघाय आलं तवा मला बी मागनं फिरवून वाचली आसती ह्यांनी. पर मामंजी संगं व्हतं, म्हनून वाचली मी." बोलता बोलता त्यांचा हात पदराच्या गाठीत जायचा आणि त्यातले कच्चे तांदूळ तोंडात जायचे. कडम्‌कडम् आवाज करत त्या चावत राहायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सव लागलीया. न्हाई खाल्लं तर जीव कासावीस हुतो."

ऊसतोड टोळी उठून गेली त्या सुमाराची गोष्ट. घरामागच्या रानात पाचट तेवढं उरलं होतं, आणि त्या पाचटात एक मांजराचं पिल्लू ओरडत राहिलं होतं. सकाळच्या फेरीहून येताना सुभेदारांनी ते आपल्या कानटोपीत घालून आणलं. महिना-सव्वा महिन्याचं असेल, करड्या रंगाचं, पोट खपाटीला गेलेलं. काकींनी लगबगीनं बशीत दूध घातलं. सुभेदारांनी पिल्लाला वरून खालून बघितलं आणि जाहीर केलं, "रंगरूट भरती झालंय. आता ह्येचं रेशन चालू करायला लागंल." त्याचं नाव तेच पडलं, रंगरूट.

दुधानं रंगरुटाचं पोट बिघडलं. सुभेदारांनी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो बिचारा गाई-म्हशींत रमलेला माणूस, पण त्यानं नीट सांगितलं, की गाईचं दूध मांजराच्या पिलांना पचत नाही, ते बंद करा. शहरात पिलांसाठीचं वेगळं कोरडं खाणं मिळतं, ते आणा आणि सुरुवातीला कोमट पाण्यात भिजवून घाला. कुत्र्याचं आणू नका, मोठ्या मांजराचं आणू नका. झालं, सुभेदारांना पेन्शनीनंतर पहिल्यांदा खरं काम मिळालं. रविवारी ते मला सांगलीला घेऊन निघाले. पुडक्यांवरचं बारीक इंग्रजी वाचायला मी, आणि माझ्यावर विश्वास नको म्हणून त्यांचं भिंग.

सांगलीच्या दुकानातला जो प्रसंग लोक मला सांगा म्हणतात तो हा. दुकानदार पोरगेलासा होता. त्यानं पहिलं पुडकं काढलं, पुढं गुबगुबीत पांढऱ्या मांजरीचं चित्र. सुभेदारांनी चित्राकडं बघितलंसुद्धा नाही.

"मागं पयलं काय लिवलंय, मॅडम?"

"मका."

"मी मांजर पाळलंय, कोंबडी न्हाई. फुडचं काढ."

दुसरं पुडकं चांगलं होतं, पहिलंच नाव चिकनचं, पण ते वाढ झालेल्या मांजराचं निघालं. "रंगरुटाला हवालदाराचं रेशन घालू व्हय? त्येला वाढायचं हाय अजून. पिल्लाचं दे." तिसऱ्यात लाल, हिरवे, पिवळे माशांच्या आकाराचे तुकडे होते. ते त्यांनी उजेडाकडं धरून बघितले. "ह्यो रंग मांजरासाठी न्हाई, घेनाऱ्यासाठी हाय." मग दुकानदारानं सुटं दाखवलं, मोठ्या पोत्यातलं, स्वस्त. पोतं कधी फोडलं, तोंड बांधून ठेवतोस का, मूळ पिशवीवर तारीख कुठली, असं एकेक त्यांनी विचारलं. तो वैतागला आणि म्हणाला, "आजोबा, मांजरच आहे ते. खाईल की."

सुभेदारांनी भिंग खिशात ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "मांजरच हाय म्हंजी? त्येला बोलता येत न्हाई. पोटात काय दुकतंय, काय कमी पडतंय, त्येला सांगता येत न्हाई. म्हनून आपन वाचायचं."

मला त्या दिवशी हा माणूस मनापासून आवडला होता. हे लिहिताना जिवावर येतंय, पण खरं ते खरं. शेवटी पसंत पडलं त्या पुडक्यावर पहिलं चिकन होतं, मग मासा, मग चरबी, आणि खालच्या ओळीत टॉरीन. हा शब्द डॉक्टरनं त्यांना सांगितला होता. हे मांजराला स्वतःच्या अंगात पुरेसं बनवता येत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं, नाहीतर डोळे जातात, काळीज कमजोर होतं. परतीच्या एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी ते टॉरीन सगळं समजावून सांगितलं. तो माणूस मधल्याच एका फाट्यावर उतरला, बहुतेक त्याला तिथं उतरायचं नव्हतं.

घरी मग रंगरुटाची मेस सुरू झाली. मूठभर दाणे कोमट पाण्यात भिजवायचे, बोटानं चेपून बघायचे, मऊ झाले की द्यायचे. दात फुटले तसं पाणी कमी करायचं. पुढं एकदा पुडकं बदलायची वेळ आली तेव्हा जुन्यात नवं थोडं थोडं मिसळून आठवडा काढला, एकदम बदलू नये म्हणून. पाण्याची वाटी जेवणाच्या वाटीपासून लांब, कारण मांजराला तसं आवडतं. दर रविवारी काकींच्या स्वयंपाकघरातल्या तराजूवर रंगरुटाचं वजन. इंग्रजी शब्द त्यांना तोंडात धरवत नव्हता, म्हणून ते सगळ्या प्रकाराला 'कोरडं' म्हणत. "कोरडं भिजीव." "कोरडं झाकलंय न्हवं?" पुडकं त्यांनी आपल्या फौजेतल्या काळ्या पेटीत ठेवलं होतं, मुंग्या लागतात म्हणून. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या करदोट्याला.

काकी हे सगळं बघत. "बाई, एवढं मापून मला माझ्या आयनं बी घातलं न्हाई," असं म्हणून हसत. मग आत जाऊन भाकरी थापायला बसत.

त्या घरातलं जेवण मी रोज वरून ऐकत होते. आधी सुभेदारांचं ताट. त्यात मीठ कमी, भाकरी जाड, आमटीला कट नाही, अशी तपासणी. कधी ताट परतही यायचं. सुभेदार उठले की रंगरूट. त्यानंतर भांडी, ओटा, परात, गाळलेलं पाणी. काकी जेवल्या कधी, हे मला कळायचंच नाही. काही दिवस त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. तेव्हा चौथी भाकरी त्यानं मागितली आणि काकींनी दिली. मागं टोपल्यात काय उरलं होतं ते मी बघितलं, काही उरलं नव्हतं. "भूक न्हाई बाई," म्हणाल्या, आणि पदराची गाठ सोडली.

सुभेदारांना भूक माहीत नव्हती असं कुणी म्हणू नये. बहात्तरच्या दुष्काळात ते कोवळ्या वयाचे होते. सरकारी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाऊन पोटात कळा यायच्या, ते त्यांनी मला सांगितलं होतं. पोत्यावर काय लिहिलंय ते गावात कुणाला वाचता येत नव्हतं, आणि आलं तसं खाल्लं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. लोक म्हणतात, बघा, त्यामुळं तसा झाला माणूस. असेल. काकीही त्याच दुष्काळातल्या, त्याच मुलखातल्या. त्यांचं काय झालं त्यामुळं, हे कुणी विचारत नाही.

आता एक शब्द सांगायला हवा, कोरड्यास. वडूज, दहिवडीकडं, आणि आमच्या सातारा-सांगलीच्या खेड्यांतही, भाकरीबरोबर जे काही खायचं त्याला कोरड्यास म्हणतात. ते कोरडं नसतं. आमटी असो, पातळ पालेभाजी असो, रस्सा असो, सगळं कोरड्यास. "आज कोरड्यास काय केलंया?" असं बायका एकमेकींना विचारतात. शहरातल्या माणसाला हे सांगूनही पटत नाही.

सुभेदार एक दिवस गावाकडं जमिनीच्या मोजणीला गेले. संध्याकाळी परत यायचं म्हणून रंगरुटाचं दोन वेळचं कोरडं वाटीत काढून ठेवून गेले. मोजणीत भावकीचे तंटेबखेडे लागले आणि त्यांना राहावं लागलं. मी त्या शनिवार-रविवारी साताऱ्याला होते, त्यामुळं पुढचं मला काकींनी सांगितलेलं. फोन आला, आवाज तुटत होता. सुभेदार ओरडून म्हणाले, "दूध घालू नगं. भात घालू नगं. कोरडं घाल."

"काय घालू?"

"कोरडं, कोरडं म्हंतोय न्हवं." आणि फोन कट झाला.

काकींनी विचार केला. कोरडं पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली ह्यांच्या कमरेला, आणि हे वडूजला. म्हणजे ते म्हणाले असतील ते कोरड्यासच. गावात चार दिवस राहिलं की माणसाची बोली परत येते. त्यांनी तुरीच्या डाळीची आमटी केली होती, घरच्या कांदा-लसूण मसाल्याची. रंगरुटाला तिखट लागू नये म्हणून तीत थोडं पाणी घातलं, भाकरी कुस्करली आणि जीव लावून चारली. दोन दिवस. "लय आवडीनं खाल्लं बाई," त्या मला म्हणाल्या, "वाटी चाटून पुसून."

मी सोमवारी आले तोवर सुभेदारही आले होते. रंगरूट कोपऱ्यात पडून होतं, लघवीला लाल होत होतं. सुभेदारांनी त्याचा वरचा ओठ उचलला. आतली हिरडी चुन्यासारखी पांढरी. त्यांनी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही गाडी करून सांगलीला गेलो. तिथला डॉक्टर मांजर-कुत्र्यांचाच. काय खाल्लं ते ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. कांदा आणि लसूण मांजराला विषच, म्हणाला. त्यानं त्याचं रक्त फुटतं. "रक्त कमी झालंय ह्याचं. वेळेवर आणलंत. रोज सकाळी हिरडी बघत जा. गुलाबी असेल तर ठीक, फिकी दिसली की लगेच घेऊन या."

रंगरूट सलाइनवर राहिलं, जगलं, महिन्याभरात पूर्वीपेक्षा गोंडस झालं. मला त्या मुक्या जिवाचा कधीच राग आला नाही.

घरी आल्यावर सुभेदार काकींना एवढंच म्हणाले, "तुला एक काम सांगितलं व्हतं." त्यानंतर ते काकींशी बोलायचे बंद झाले. अबोला म्हणजे कसला, तर सगळं बोलणं रंगरुटाशी. काकी समोर उभ्या असताना मांडीवरच्या मांजराला म्हणायचे, "रंगरूट, इचार, च्या हुनार हाय का न्हाई?" किंवा, "सांग रं, आमटी खारट झालीया." काकी मांजराकडं बघून उत्तर द्यायच्या, "आनते म्हनावं." शेजारपाजारचे हे बघायला मुद्दाम येत, बसत आणि पोट धरून हसत. गावात फिरणारा दुसरा किस्सा हा. एवढी मोठी चूक कुणाची होती, किल्ली कुणाच्या कमरेला होती, शब्द कुणी आखूड करून ठेवला होता, हे सुभेदारांना मी एकदा स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, हुकूम कळला न्हाई तर परत इचारायचा आसतोय." फोन कट झाला होता, हे मी म्हणाले. ते उठून आत गेले.

रोज सकाळी अंगणात सुभेदार रंगरुटाचा ओठ वर करत, उजेडात हिरडी बघत आणि समाधानानं मान हलवत. त्यांच्यापासून दोन हातांवर उंबऱ्यात काकी भाजी निवडत बसलेल्या असत. त्यांचे ओठ त्या वेळी राखेच्या रंगाचे झाले होते, नखं पांढरी, पायांवर सूज. जिना चढून माझ्याकडं येणं त्यांनी बंद केलं होतं. दम लागतो, म्हणायच्या. मी एका सकाळी अंगणात उभी राहून सुभेदारांना म्हणाले, "काका, काकींचंही बघा जरा. रक्त कमी झालंय त्यांचं, दिसतंय. दवाखान्यात नेऊ या."

"बायकांचं आसंच आसतंय," ते म्हणाले. "उन्हाळा हाय." आणि मांजराला सांगितलं, "रंगरूट, म्हनावं पालेभाजी खात जा."

काकी म्हणाल्या, "खाते म्हनावं."

दवाखान्यात चला, म्हणून मी काकींच्या मागंही लागले. त्यांनी मला हातानं गप्प केलं. ह्यांनी न्यावं, असं त्यांच्या मनात होतं की काय, मला माहीत नाही. मला वाटतं, होतं.

हौदापाशी त्या पडल्या तेव्हा मी शाळेला निघाले होते. रिक्षा मी आणली. सुभेदार सोबत आले, पायांत चप्पल न घालता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. डॉक्टरीणबाईंनी काकींची खालची पापणी ओढून बघितली आणि लगेच दाखल करून घेतलं. पदराच्या गाठीतले तांदूळ बघून म्हणाल्या, ही सवयही रक्त कमी झाल्याचीच खूण, आणि किती वर्षांचं दुखणं आहे हे, त्यांनी विचारलं. सुभेदार म्हणाले, "काय न्हवतंच तिला. कवा काय म्हनली न्हाई." रक्त चढवायचं, पण अगदी सावकाश, कारण इतके दिवस पातळ रक्त ओढून ओढून काळीज थकलं होतं.

दवाखान्यातही सुभेदारांचं वाचन थांबलं नाही. सलाइनची बाटली फिरवून तारीख बघ, टॉनिकचं खोकं उलटं कर, त्यातलं लोहाचं प्रमाण मोठ्यानं वाच. नर्स वैतागल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सुभेदारांना मी व्हरांड्यात ओढून नेलं म्हटलं तरी चालेल, आणि म्हणाले, "आता वाचताय? मांजराची हिरडी रोज बघत होता, त्यातली एक सकाळ इकडं बघितलं असतं तर?"

ते गोंधळले. मी एखादं सोपं गणित चुकावं तसं माझ्याकडं बघत म्हणाले, "मॅडम, मांजराला बोलता येत न्हाई. हिला तोंड हाय. सांगायला नगं?"

कुणाला सांगायचं होतं त्यांनी? मांजराला? मी तसं विचारलंही. त्यांना प्रश्न कळला होता असं मला वाटत नाही.

काकी तिथं होत्या त्या दिवसांत मी शाळा सुटली की जात असे. एका दुपारी त्या उशीला टेकून बसल्या होत्या, पुढ्यात दवाखान्याचं ताट. वरण, भात, कसलीशी उसळ, केळं. खूप सावकाश खात होत्या. मला बघून थोड्या लाजल्या, हात ताटातून काढून घेतला. मी म्हटलं, जेवा. तेव्हा म्हणाल्या, "बाई, हितं जेवान जाग्यावर येतंय." आणि परत जेवायला लागल्या. मी खिडकीकडं तोंड करून उभी राहिले, कारण कुणी बघत असलं की त्यांना घास उतरत नव्हता. त्यानंतर दोनच दिवसांत त्या गेल्या.

रक्षाविसर्जन कृष्णाकाठी झालं. आमच्याकडं त्या दिवशी नैवेद्य ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात; शिवलाच नाही तर पान गाईला घालतात. गेलेल्या माणसाला जे आवडत होतं ते पानावर असावं लागतं. पानं पुष्कळ होती. शेजारणींनी पुरणपोळ्या आणल्या होत्या, कुणी शिरा, कुणी भजी, कुणी कपात चहा. कावळे झाडावर होते. एकही खाली येईना. ऊन चढलं. मुलगा हात जोडून म्हणाला, आई, बाबांना मी सांभाळतो, काळजी करू नकोस. कावळे हलले नाहीत. नातेवाइकांनी एकेक करून काय काय कबूल केलं. कावळे तसेच.

तेव्हा काकींचा धाकटा भाऊ पुढं झाला. वडूजकडचाच, मेंढरांमागं उन्हात रापलेला, फारसं न बोलणारा माणूस. तो सुभेदारांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, अक्काला आवडायचं काय? काय खायची ती? सांगा, मी आत्ता करून आनतो."

सगळे सुभेदारांकडं बघायला लागले. मी मागं बायकांत होते. मलाही ठाऊक नव्हतं, पण मी तिचा नवरा नव्हते. सुभेदार विचार करत राहिले. त्यांचे ओठ हलले, थांबले, परत हलले. लहान पोराला पाढा आठवू नये तसं त्यांचं झालं होतं. मग एकाएकी त्यांनी मान ताठ केली, आवाजात तोच जुना परेडवरचा जोर आला, आणि बायकोची याहून मोठी स्तुती जगात नसावी अशा अभिमानानं ते म्हणाले, "लय गुनाची बाई. इतकी वरसं संसार केला, पर तिला जेवताना मी कवा बगितलं न्हाई."

आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, लक्ष्मी होती. एकीनं डोळ्याला पदर लावला.

भाऊ वळला. मग नदीच्या वाळवंटातून पलीकडच्या वस्तीकडं गेला, कासऱ्याला धरून एक गाय घेऊन आला, आणि सगळी पानं एकेक करून त्यानं तिच्यापुढं सरकवली.